छत्री कॅमेऱ्यावर

३ फेब्रुवारी
यंदा क्लबच्या प्रदर्शनात माझा फोटो लागणारच. विषय 'रौद्र निसर्ग'. आमचे अध्यक्ष, दातांचे रिटायर्ड डॉक्टर, सहा वर्षं माझे फोटो बघून नुसतं "हं" म्हणतायत. ते "हं" बंद करायचं. संकल्प : वादळातच बाहेर पडायचं.

८ फेब्रुवारी
तयारी पूर्ण. मऊ फडकी चार, जादा बॅटऱ्या दोन. थंडीत बॅटरी उतरते, अंगाशी ठेवावी लागते. बायकोने विचारलं, आपल्या अंगावर काय घ्यायचं? म्हटलं, माणूस काय मिठाचा आहे विरघळायला?

११ फेब्रुवारी, पहाटे
वादळाचा इशारा. उत्तम. कॅमेऱ्याचं रेनकव्हर सापडत नाही. छत्री धरायला ही येतेय. हिलाही निसर्गाची आवड आहेच.

दुपारी
समुद्राच्या कड्यावर तीन तास. आधी टेस्ट म्हणून समोर उभ्या हिचाच एक फोटो काढला. मग ऑटोफोकस बंद. मुरलेले लोक मॅन्युअलवरच काम करतात. छत्री दोनदा उलटली, हिने दोनदा सरळ केली. बोटं वळत नाहीत म्हणाली. मी विचारलं, तुझ्या खिशातल्या बॅटऱ्या गरम आहेत ना?

१२ फेब्रुवारी
हिला ताप. हवा बदलली की होतंच. एकशे बारा फोटोंपैकी एकशे अकरा धूसर. टेस्टनंतर फोकस हलवायचा राहिला. पण धूसरपणातही एक मूड असतो.

१५ फेब्रुवारी
ताप उतरत नाही. छातीत कफ. सासूबाई आल्यात. माझ्याशी बोलत नाहीत. वय झालं.

१८ फेब्रुवारी
अध्यक्षांनी सगळे बघून एकच निवडला. टेस्टचा. त्यात ही दोन्ही हातांनी छत्री माझ्याकडे पुढे करून उभी, छत्रीचं सगळं पाणी हिच्या डोक्यावर. ते "हं" म्हणाले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, "या बाई कोण?"
बायको म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, छत्री धरायला होत्या. घरी येईपर्यंत कान तापलेले होते.

१९ फेब्रुवारी
आज ताप नाही. हिला फोटो दाखवला. नको म्हणेल अशी आशा होती. हिने उशीला टेकून तो जवळ धरून बघितला.
"छत्री कुणावर आहे, ते दिसतंय ना नीट?"
दिसतंय म्हटलं.
"मग लावा."

२५ फेब्रुवारी
प्रदर्शन. सगळ्यात जास्त गर्दी माझ्याच फोटोपुढे. सासूबाईही बघून गेल्या. खाली छायाचित्रकार म्हणून माझं नाव. मी दिवसभर जिन्यात उभा होतो.
नाव जरा बारीक छापलं असतं तरी चाललं असतं.