बशीतली कॅप्सूल

धाकटे,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. रक्त तपासायला दवाखान्यात जाते आहे. शेजारची नर्स सोबत आहे, तेव्हा मागोमाग धावत येऊ नकोस.

रोजची पांढरी गोळी घेतली. तू बशीत ठेवलेली कॅप्सूल मात्र परत डबीत टाकली. आठवडाभर हेच चाललंय आपलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हा आठवडा कॅप्सूल बंद," तेव्हाच तुझा चेहरा उतरला. तुला वाटलं, त्यांनी माझी आशा सोडली. तसं नाही गं. त्या औषधाने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या भरून याव्यात, म्हणून ही उसंत.

आपलं शिवणाचं दुकान आठवतं? मी कापायची, तू शिवायचीस. मी कापडांचा ढीग लावला की तू म्हणायचीस, "जाऊबाई, माझी नाही तर निदान मशीनची तरी दया करा." तेल घालून मशीन जरा थांबवलं, म्हणून दुकान कधी बंद पडलं नाही.

गोळी छातीतल्या गाठीचं खाणं तोडते, कॅप्सूल तिला वाढू देत नाही. आता हाडांत उतरलेलं हे दुखणं जायचं नाही, हे तुलाही ठाऊक आहे. ते दबून राहिलं तरी मला पुष्कळ.

पेशी पुरेशा वाढल्या असतील तर कॅप्सूल आजच पुन्हा सुरू होईल. नसतील तर आणखी थांबायचं, आणि तू रडायचं नाहीस. सुरू झालीच, तर तूच वाढ. बशी धुऊन ओट्यावर ठेवली आहे.

थोरली