हात गळाल्याची चौकशी

९ फेब्रुवारी ४४, सातारा
दादाने चहा पिता पिता फर्मान काढलं. कुसुम, तुझी सांगलीची प्रयोगशाळा थोडे दिवस बंद, आपण तलावाच्या कामावर जायचं. सरकारी कामावर मजूर निकामी झाला तर जबाबदार कोण, यावर हे आमचे वकीलसाहेब कित्येक वर्षं ग्रंथ लिहितायत. वहिनी त्या ग्रंथाला सवत म्हणते. आता त्यांना पाहिजे तसा पुरावा मिळालाय. कवठे महांकाळच्या पलीकडे माळेवाडी म्हणून गाव, तिथं दुष्काळी कामावर तलाव खणतायत, आणि मजुरांचे हात मनगटातून गळून पडतायत. पंजा वर उचलतच नाही म्हणे. हे सांगताना दादाच्या तोंडावर इतका आनंद होता की मला लाज वाटली.
चौकशीला चौघं. दादाकडे कायदा, डॉ. पाठकांकडे मज्जातंतू, माझ्याकडे पाणी-माती. चौथा त्याच तलावाचा इंजिनियर. ज्याचं काम त्याचीच चौकशी! मी म्हटलं, हे मला पटत नाही. दादा म्हणाला, "तुला स्वतःच्या सावलीचासुद्धा संशय येतो."
येतो. ती तरी कुठं विचारून मागं येते?

१३ फेब्रु., वाटेत
कोळशाच्या गॅसवरची सर्व्हिस मोटार. चढ आला की उतरायचं आणि ढकलायचं. स्टँडवर हवालदाराने माझी पेटी उघडली. हल्ली या जिल्ह्यात बाटली दिसली की पोलिसांना बॉम्ब दिसतो. नायट्रिक ॲसिडची बाटली उजेडात धरून म्हणतो, "ह्ये कशाला?" मी म्हटलं, पाणी तपासायला. "पानी पिऊन बघायचं सोडून ह्येच्यात घालून बघता व्हय?" दादाने वकिली सुरू केली तेव्हा कुठं सुटलो. बाटली आता माझ्या मांडीवर. पेटीवर माझा विश्वास नाही, आणि दादावर तर त्याहून नाही. तो टेकला की झोपतो.

१५ फेब्रु., माळेवाडी
छकड्याने कंबर मोडली. तलाव म्हणजे तूर्त एक मोठा खड्डा आणि अर्धा बांध. मुक्काम शाळेत.
हात पाहिले. सखाराम म्हणून एक गडी, पैलवानी अंग. दोन्ही हात पुढं कर म्हटलं तर पंजे खाली लोंबले, दोरीवर वाळत घातलेल्या मोज्यांसारखे. "भाकरी मोडत न्हाई, बाई. बायकू भरवती. पोरं हसत्यात." एवढं बोलून तो भिंतीकडे बघत राहिला. असे बरेच जण आहेत. बायकासुद्धा. सगळे कामावरचे.
काय झालं विचारलं की एकच उत्तर, "मनगटातनं वारं ग्येलं." म्हणजे लुळं पडलं. आता इंजिनियरसाहेबांची गंमत. (यापुढे इं. लिहीन.) गृहस्थ कराचीत वाढलेले, मराठी घरातली, बेताची. त्यांनी वारं म्हणजे खरोखरीचा वारा धरला आणि माळावर आडवे तट्टे ठोकून घेतले! तट्ट्यांआड मजूर उकडून निघतायत. दादा हसला. मी नाही हसले. इतकं बावळट कोणी असतं का, की सोंग आहे?

१६ फेब्रु.
मुकादमाने आज कारण सांगितलं, आजूबाजूला बघून. "हौसाबाईनं केलंय. करनी."
हौसाबाई म्हातारी, विधवा, मेंढरंवाल्यांतली. तलावाचा बांध तिच्या वावरातून जाणार. आखणीच्या वेळी ती मधोमध उभी राहिली आणि ओरडली, "ज्या हातानं माज्या वावरात कुदळ माराल त्यो हात गळून पडंल." थंडी सरता सरता हात गळायला लागले. आता तिच्या वावरात पाऊल टाकायला कोणी तयार नाही. बांध तिच्या हद्दीवर येऊन थांबलाय.
पाटील दादाला म्हणाले, "गाव तिला हाकलायला उठलंय. म्या म्हनलं, सायबांची चौकशी हुईस्तवर दम खावा. तुमास्नी काय घावलं न्हाई तर मग आमचा विलाज न्हाई."
म्हणजे आमच्या चार शास्त्रांवर एका म्हातारीचं घर. दादाला आता तरी घाम फुटायला पाहिजे होता. त्याने विचारलं, जमीन कोणाच्या नावावर? दिराच्या. "मग कायद्यात तिला काही नाही," म्हणाला आणि पान लावायला बसला. सख्खा भाऊ आहे, पण राग आला.

१७ फेब्रु.
हौ.कडे गेले. गावाबाहेर बाभळीखाली छप्पर, थोडी मेंढरं, एक शेळी. मी गेले तेव्हा धार काढत होती. हात बघितले. एकदम खणखणीत.
"तुम्हाला कसं काही झालं नाही?"
"मला का व्हावं? म्या कुनाच्या वावरात कुदळ मारली?"
"शाप दिला होतात?"
"दिला की! माज्यापाशी दुसरं काय हुतं द्यायला?"
दूध पुढं केलं, मातीच्या वाडग्यात. मी नको म्हटलं, आत्ताच चहा झालाय. खोटं. ती हसली. "भ्यालासा व्हय तुमी बी? एवढी शिकून?" वाडगं तिनेच तोंडाला लावलं.
परत येताना स्वतःची चीड आली. तरी प्यायले नाही ते बरंच केलं, असंही वाटत होतं.

२१ फेब्रु., सांगली
विहीर, ओढा, खड्ड्यातलं पाणी, सगळं तपासलं. खारट आहे, वाईट नाही. माती निर्दोष. मी इकडे हात टेकले, तेवढ्यात डॉ. पाठक आले. त्यांनी सगळ्यांच्या हिरड्या पाहिल्यायत. दातांलगत निळसर करडी रेघ, पोटात कळा, पंजा गळालेला. "शिसं," म्हणाले. "मनगट उचलणाऱ्या मज्जातंतूवरच बसतं ते." मेंदूपासून बोटापर्यंतची चित्रं काढून दाखवत होते. पेशंटचं नाव विचारलं तर आठवेना.
पण माळावर शिसं कुठलं? नळ नाही, रंग नाही. दादाला वाटतं सुरुंगाची दारू. सरकारी दारू म्हणजे सरकार जबाबदार, ग्रंथाला शेवटचं प्रकरण तयार. इं. वाऱ्यावरून हटत नाही. त्याच्या निवेदनावरची सही मी पाहिली, पार वेडीवाकडी. उद्या ही माझी सहीच नव्हे म्हणायला मोकळा! आणि हा माणूस जेवतो स्वतःच्या चिनीमातीच्या ताटात, मजुरांपासून लांब. त्याला काहीतरी माहीत आहे.

२४ फेब्रु., माळेवाडी
इं.वर नजर ठेवायची म्हणून सकाळीच कामावर गेले. मजुरांना न्याहारीला आंबील मिळते. आदल्या दिवशी कालवून भल्यामोठ्या तांब्याच्या पातेल्यात आंबायला ठेवतात. मुकादम मलाही देत होता, "घ्या बाई, लय थंड आसती." पहिल्या दिवसापासून आग्रह करतोय. कोणी आग्रह केला की मी खात नाही, हा माझा जुना स्वभाव.
इं. तिथंच उभा. ताट चिनीमातीचं, पण आंबील याच पातेल्यातली! रोज दोन वाट्या, आवडते म्हणून. मी बघत होते आणि त्याच्या हातून चमचा पडला. त्याने उचलला. पुन्हा पडला. मग उजवा हात डाव्या हातात धरून माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "बाई, वाऱ्याने नाही ना होत हे?" ती सही! बिचाऱ्याला सही जमतच नव्हती.
पातेल्यात वाकून पाहिलं. आत कल्हई, मोठी चकचकीत. काठावर सुरीने खरवडलं आणि कागदावर घासलं. पेन्सिलीसारखी करडी रेघ. कथील असं उमटत नाही.
मुकादम म्हणाला, "दिवाळी झाल्यावर केली कल्हई. लढाईमुळं कथील कुठं मिळतंय? कल्हईवाल्यानं काय फासलं त्ये त्यालाच ठावं. चकाकत हुतं, म्हनलं झ्याक झालं." कल्हईवाला कुठला? फिरता. कुठं गेला? माहीत नाही.
आंबील पोरांनाही द्यायचे. पातेलं तिथल्या तिथं उपडं घालायला लावलं.

२६ फेब्रु., सांगली
खरवड ॲसिडमध्ये विरघळवली. कथलाचा पांढरा गाळ किरकोळ. गाळून घेतलं, आयोडाइड घातलं, आणि पिवळाधमक साका! शिसंच शिसं. आंबटाने रोज थोडं सुटायचं आणि पोटात जायचं. हौ. कामावर नव्हती, तिची दूधभाकरी मातीच्या भांड्यात. म्हणून तिचे हात शाबूत, आणि म्हणूनच सगळ्यांचा संशय तिच्यावर.
प्रयोगशाळेत एकटीच हसत बसले. म्हातारी सुटली!

२८ फेब्रु., माळेवाडी
आधी हौ.कडेच धावत गेले. सगळं समजावलं. कल्हई, शिसं, आंबट. शांतपणे ऐकलं तिने.
"म्हंजे माज्या शापानं न्हाई झालं?"
"नाही! तुमचा काही संबंध नाही."
"मग उद्या माज्या वावरात कुदळ पडनार."
खरं सांगायचं तर हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दादाच्या नाही, डॉक्टरांच्या नाही, कोणाच्याच नाही.
"गाव तुम्हाला हाकलून देणार होतं," मी म्हटलं.
"हाकलाय माज्या दारात याया लागतंय. कोन येतंय? सगळी लांबनं वराडत्यात." शेळीच्या पाठीवर हात फिरवत बसली. "दिरानं कागुद केला, सरकारनं आखनी केली. माज्या बाजूनं एवढा शाप हुता. त्यो बी तुमी काडून घ्याय आलासा."
मी म्हटलं, पण सांगावं तर लागेल. त्याच कल्हईवाल्याने गावात घरोघरी भांडी केलीयत, घरी रोजचं आंबट नाही म्हणून अजून निभावलंय. न सांगून कसं चालेल?
"सांगा की. कल्हई बिगाडली म्हनून सांगा. भांडी बदलू द्यात, मानसं बरी हुंद्यात. पर कुनी बिगाडली, त्ये मला सांगू द्या. भ्या तेवढं ऱ्हाऊ द्यात."
वेड लागायची पाळी आली. बाई स्वतःच्या तोंडाने कबूल करायला निघालीय.

२९ फेब्रु.
दादाला सांगितलं. तो पहिल्यांदाच घाबरला. "शाप दिला हा गुन्हा नाही. कल्हई मी बिघडवली म्हणाली तर विषप्रयोग! उद्या चावडीत चौकशीचा निकाल सांगायचाय, तिथं पोलीस बसणार आहेत. कुसुम, तिला आवर." मग थोड्या वेळाने हळूच, "तसा तिने हट्टच धरला, तर सरकारची जबाबदारी कमी होते." हाच तो माझा भाऊ, वहिनीला न घाबरता फक्त ग्रंथासाठी घाबरणारा.
डॉ. म्हणतात, हात हळूहळू येतील, काहींचे कदाचित नाही येणार. इं.ने बांधाची रेघ थोडी सरकवता येईल का पाहायचं कबूल केलं. उजवा हात झोळीत, डाव्या हाताने नकाशा. "जमेल असं वाटत नाही," म्हणाला. प्रामाणिक माणूस. मी त्याच्याबद्दल काय काय लिहिलंय वर.
संध्याकाळी मुकादमाला सहज विचारलं. कल्हईवाल्याने भाता कुठं लावला होता? "हौसाबाईच्या बाभळीखाली. दुसरीकडं सावली कुठंय?" म्हणजे ती बघत होती. नुसतीच बघत होती? कल्हई कशाची आहे हे तिला कळलं असेल? शाप आधी की कल्हई आधी? मुकादमाला विचारलं. "त्याच सुमाराला की सगळं," म्हणाला.
मला नको होतं हे कळायला.

१ मार्च
सकाळी हौ. शाळेच्या दाराशी आली. धुतलेलं लुगडं, केसांना तेल. हातात तेच वाडगं. "घ्या. आज तरी."
मी तिच्याकडे बघितलं. विचारावंसं वाटलं, भात्याजवळ तुम्ही काय करत होता? ओठावर आलं होतं. तिने माझ्या डोळ्यांत बघून म्हटलं, "इचारा की." मी नाही विचारलं. विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं, आणि मग ते मला चावडीत सांगावं लागलं असतं. न सांगणं मला जमत नाही, हे दोघींनाही माहीत झालंय.
दूध प्यायले. कोमट होतं, धुराचा वास होता. सगळं प्यायले. ती वाडगं घेऊन चावडीकडे गेली, घाईने नाही.
दादा दोनदा हाक मारून गेला. पाटलांनी निरोप पाठवलाय, सगळं गाव जमलंय, हौसाबाई पुढंच बसलीय. पहिल्यांदा मी बोलायचं आहे. कशानं झालं ते मला माहीत आहे, पुराव्यासकट. पाटील एवढंच विचारून थांबले तर बरं.
जाते.