मागच्या दारापाशी

माय, काल इनडोअर स्टेडियममध्ये माझा सत्कार झाला. शाल, नारळ, सगळं रीतसर. तू जाऊन वीस वर्षं होत आली, तरी व्यासपीठावर सगळ्यात जास्त वेळ तुझीच गोष्ट चालली होती. ती गोष्ट खोटी आहे, हे त्या भरलेल्या हॉलमध्ये फक्त मला ठाऊक होतं. म्हणून लिहायला बसले आहे.

तेव्हा तो हॉल नवा होता. मी कॉलेजात खेळ शिकवत होते आणि हॉलच्या समितीवरही होते. सकाळी तिथे बॅडमिंटन, हिवाळ्यात कबड्डीचे सामने, मध्येच कुणाचा ऑर्केस्ट्रा. त्या वर्षी बचत गटांचं पहिलं प्रदर्शन लागलं. लाकडी कोर्टावर ओरखडा पडू नये म्हणून मी स्वतः उभी राहून जाजमं अंथरून घेतली. गाळ्यांवरून भांडणं नकोत, चिठ्ठ्या टाका, असं ठरवणारीही मीच. तू चिचगडहून तुमच्या गटाचे मोहफुलांचे लाडू घेऊन आलीस आणि तुझी चिठ्ठी निघाली पहिल्या नंबरची. मुख्य दारातून आत शिरलं की समोर तोच गाळा. ती चिठ्ठी दोन बोटांत धरून तू मला दुरून दाखवलीस.

तासाभरात पाहुणे यायचे होते, आमचे प्राचार्य यायचे होते. चिठ्ठ्या काढणारे आमचे स्टोअरकीपर हसत म्हणाले, "मॅडम, पहिल्याच गाळ्यावर मोहाचा माल. पाहुणे आत येतील ते झुलतच." तू माझी आई आहेस हे त्यांना माहीत नव्हतं, मोहाच्या दारूवरून केलेली साधी थट्टा होती. मी म्हटलं, "त्या माझ्या आई आहेत. मी समितीवर असताना त्यांना पुढचा गाळा बरा दिसत नाही. मागच्या दारापाशी द्या." ते ओशाळले. मग हळूच म्हणाले, "पण मॅडम, चिठ्ठी तं त्यायचीच निघाली ना. काऊन हटवता?" मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." असा कुठलाही नियम नव्हता, माय. नियम चिठ्ठीचा होता आणि तो मी मोडला. मला तुझं गुडघ्यापर्यंत खोचलेलं लुगडं दिसत होतं, टोपलीचा तो गोडसर आंबूस वास येत होता, आणि प्राचार्यांनाही तू 'ये ना जी, खाऊन पाय' म्हणून हाक मारशील याची धास्ती वाटत होती.

मागचा गाळा म्हणजे खेळाडूंच्या कपडे बदलायच्या खोलीशेजारी. तीन दिवस तिकडे फारसं कोणी फिरकलं नाही. शेवटच्या संध्याकाळी गाण्याचा कार्यक्रम होता, तर स्पीकर नेमके तुझ्या पुढ्यात रचले. तू पदराने कान झाकून बसून राहिलीस. मी ते व्यासपीठाजवळून पाहिलं आणि खुर्च्या मोजून घेत राहिले. सगळं आवरल्यावर तू ओल्या फडक्याने आपल्या जागेचं जाजम पुसत होतीस. मी म्हटलं, राहू दे, सफाईवाले आहेत. तू मान वर केली नाहीस. "पुसलं म्हंजे बरं, बाई. वास राहत नाही मंग."

वासाबद्दल मी तुला एक शब्द बोलले नव्हते.

आणि तरी गावी जाऊन तू सांगत सुटलीस, "माही पोरगी लय कडक हाये. मायलेही मांगं बसवते." शेजारच्या काकू टोमणा मारायच्या, मायले हाकललं अन् तू कवतिक करून राहिली. त्यावर तू म्हणायचीस, "तुमच्या पोरी बसल्या हायेत का कुठं समितीवर?" मी तिथेच ओट्यावर चहा पीत असायची. एकदाही तोंड उघडलं नाही. तेव्हा मी स्वतःची समजूत घालत होते की तुला खरंच तसं वाटतं. तू मला सांभाळून घेत होतीस, हे कळायला मला फार वर्षं लागली असं म्हणणंही खोटंच. मला त्या फडक्यापाशीच कळलं होतं.

काल ते स्टोअरकीपर, आता काठी घेऊन चालतात, माइकवर हीच गोष्ट नव्या मुलींना सांगत होते. सख्ख्या आईलाही सवलत नाही, म्हणाले. मग माइक माझ्या हातात आला. खरं सांगायचं असं मी घरून ठरवून निघाले होते, वाक्यसुद्धा जुळवलं होतं. समोर माझ्या जुन्या विद्यार्थिनी बसल्या होत्या. मी म्हटलं, "नियम म्हणजे नियम." टाळ्या पडल्या.

कालही प्रदर्शन होतं. पहिल्या गाळ्यावर मोहफुलांचेच लाडू, छापील डब्यांत. पाहुण्यांनी सगळ्यात आधी तेच तोंडात टाकले. कोणी झुललं नाही.

हे पत्र मी पाठवणार तरी कुठे? चिचगडच्या घरी आता आपला धाकटा राहतो, आणि त्याला हे दाखवायची माझी हिंमत नाही. वहीतच राहील. एक मात्र सांगते. निघताना मी त्या लाडवांचा एक डबा घेतला. परतताना गाडीत कॉलेजातल्या दोघी मॅडम होत्या. डबा पिशवीत तळाशी ठेवला आणि वरून सत्काराची शाल नीट दाबून बसवली. वास येऊ नये म्हणून.