नानांचा व्हॉल्व्हवाला सेट

९ ऑगस्ट ९२, रविवार
शिंदखेड्याला नानांकडे. आमच्या देवपूरचे जुने पोस्टमन, रिटायर होऊन गावी गेले ते. पडवीत गव्हाच्या कोठीमागे काय, तर काचेच्या व्हॉल्व्हचा अँप्लिफायर! सागवानी पेटी, कमरेएवढे दोन स्पीकर, रेकॉर्ड प्लेअर. तोंडाला पाणी सुटलं. लपवायला गेलो, जमलं नसावं.
"अकरा वरीस व्हयनात, मुकं शे ते. लई जा भाऊ, घरमा जागा नही शे."
पैसे घेतले नाहीत. वर शेंगांची पिशवी दिली.

११ ऑगस्ट
सौ. : "घरात आधीच चार मुकी धुडं, हे पाचवं."
ट्रान्सफॉर्मरचं वजन! उचलताना कंबर धरली. आतली एकेक तार हाताने वळवून दोऱ्याने बांधलेली. कुणी बसून केलं असेल हे? तासभर नुसता बघत राहिलो. कॉलेजच्या वह्या तपासायच्या तशाच राहिल्या.

१६ ऑगस्ट
रशीदभाईंच्या दुकानी. सगळं धुळं त्यांच्याकडे टू-इन-वन घेऊन जातं. पेटी उघडली आणि त्यांनी आधी हात धुतले. मग सिरीजमध्ये शंभरचा बल्ब लावून वीज बेताबेताने सोडली. म्हणाले, म्हाताऱ्याला एकदम उठवू नये.
"खराबी काहीच नाही, सर. दोन व्हॉल्व्हची अदलाबदल झालीय. फ्यूज बिचारा गेला, बाकी खैरियत."
नाना त्या दिवशी चहा पिताना बोलले होते. दर चौदा एप्रिलला सेट ओट्यावर मांडायचे, सगळी गल्ली ऐकायची. नेता-आणताना फुटू नयेत म्हणून व्हॉल्व्ह काढून गोधडीत गुंडाळायचे. एका वर्षी परत बसवताना चुकले असणार. एवढ्यासाठी अकरा वर्षं!

२३ ऑगस्ट
बोलला.
आधी व्हॉल्व्ह तांबूस झाले, मग गुणगुण, मग सुई टेकली. तानेआधी गाणाऱ्या बाईंनी घेतलेला श्वास ऐकू आला. श्वास! हीच भैरवी कॅसेटवर शंभरदा ऐकलीय, त्यात श्वास नव्हताच. अंगावर काटा आला तो तबकडी संपली तरी गेला नाही. सौ. लाटणं घेऊन दाराशी आली.
"कोण आलंय?"
मला हसू आलं, रडूही.

२९ ऑगस्ट
इंदूरच्या एका शौकीन गृहस्थांचं पत्र. र.भाईंकडून कळलं त्यांना. असा जोड आता मिळत नाही, म्हणाल ती किंमत, वर परदेशी सीडी प्लेअर. पत्र चारदा वाचलं. विकणार नाही मी. पण इतकं मोल असलेली वस्तू मला शेंगांसकट फुकट मिळालीय.
नानांना कार्ड टाकलं. सेट बोलतो, ऐकायला या. इंदूरचं लिहिलं नाही. कार्डावर जागा नव्हती, असं म्हणू.

६ सप्टेंबर
नाना आले, सकाळच्या गाडीने. काखेत रेकॉर्डची पिशवी. टोपी काढून मांडीवर ठेवली, डोळे मिटले. गालावरून पाणी आलं, पुसलं नाही. दोन्ही बाजू ऐकल्या.
"मरेल म्हनीसन दिधं व्हतं तुले. तू जित्तं करं, भाऊ."
मी म्हटलं, मेलेलं नव्हतंच नाना, दोन व्हॉल्व्ह... सगळं सांगितलं. स्वतःच्याच चुकीवर पोट धरून हसले. वाटलं, आता म्हणतील, मग घेऊन जातो. तर पिशवीच माझ्याकडे सरकवली. "हाई बी तूच ठेव."
मग सहज विचारावं तसं, "याले आते काही मोल शे का?"
"कशाचं नाना, जुनंपानं." तोंडातून निघून गेलं.
त्यांनी मान हलवली. पटलं त्यांना. या माणसाने जन्मभर लोकांची पाकिटं न उघडता घरपोच केली.
दुपारची गाडी साडेचारला. खोलीत येऊन हे लिहितोय. बाहेर सौ.ने पानं वाढलीत. नाना थांबलेत, भाऊ आल्याशिवाय घास घेणार नाही म्हणतात.