दार आधी सांग

बाई,

आज दुपारी तुमच्या घरावरून गेले. गाडी कंपनीची होती, चालकाला काही माहीत असायचं कारण नव्हतं, आणि मीही थांब म्हटलं नाही. घरावर आणखी एक मजला चढलाय, खाली शिकवणीचे वर्ग चालतात, फाटकाबाहेर पोरींच्या स्कूट्या लागलेल्या होत्या. स्वयंपाकघराची खिडकी तेवढी जागच्या जागी आहे. मी हल्ली महिन्यातले बरेच दिवस दिग्रसलाच असते. स्टँडमागच्या लॉजमध्ये कंपनीनं माझ्यासाठी एक खोली कायमची घेऊन ठेवली आहे. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की माझा आवाज तुम्हाला ओळखू येईल की नाही, कोण जाणे. तांड्यावरून पायी यायची, वर्गात तोंड उघडायची नाही आणि शाळा सुटल्यावर मैदानाच्या कोपऱ्यात एकटीच मोठमोठ्यानं बोलत उभी राहायची, ती मी.

वादविवाद स्पर्धेसाठी तुम्ही दोघींना निवडलं होतं. मला विषयाच्या बाजूनं, आणि स्टँडजवळच्या स्कूटर मेकॅनिकच्या मुलीला विरोधात. सराव तुमच्या स्वयंपाकघरात चालायचा, कारण शाळा सुटली की तुम्हाला सासूबाईंसाठी भाकरी टाकायच्या असायच्या. अजून दिसतं ते. तुम्ही परातीत ज्वारीचं पीठ मळताय, आमच्याकडे पाठ, ती दाराच्या त्या अंगाला, मी ह्या अंगाला, आणि गॅसवर अंबाडीची भाजी रटरटतेय. मी म्हणते, "मले वाटते की..." आणि तुम्ही वळून न बघता म्हणता, "स्टेजवर मला वाटतं. घरी खुशाल मले म्हण, तुले म्हण, आईशी, तुझ्या याडीशी, तुमच्या बंजारा बोलीत बोल. कुठं काय बोलायचं ते ध्यानात ठेवलं म्हणजे झालं." एकदा मी फारच रंगात आले. हात उडवले, आवाज चढवला, शेवटच्या वाक्याला गळा दाटून आणला. तुम्ही तव्यावरची भाकरी उलटली, उलथनं हातात धरूनच माझ्याकडे वळलात. "काहून वरडून राह्यली एवढी? सांगायसारखं काही नसलं का आवाज चढते माणसाचा. बस खाली. पुन्हा सांग, मले सांगतेस तसं." मी रडायला लागले. विरोधी बाजूनं आपली ओढणी माझ्या हातात दिली. मग तुम्ही दोघींना ताटं वाढलीत, आणि त्या दिवशी सराव झाला नाही.

नागपूरच्या फेरीला तिच्या घरून पाठवलं नाही. तुम्ही दोनदा जाऊन तिच्या अब्बांशी बोललात, ते हातातला पाना खाली ठेवून आदबीनं उभे राहिले, पण नाही म्हणाले. मला मात्र तुम्ही नेलंत. माझ्या पायात स्लिपर होती म्हणून तुमच्या लग्नाकार्याच्या चपला दिल्यात. त्या मला मोठ्या व्हायच्या, तर अंगठ्याच्या वादीत कापूस कोंबलात, आणि एसटीत सारखं विचारत राहिलात, "निघत त नाही ना?" मला बक्षीस मिळालं तेव्हा तुम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. दोन्ही हातांनी पर्स घट्ट धरून बसला होतात. पुढं मी नागपूरला कॉलेज केलं, तिचं दहावीनंतर दिग्रसमध्येच लग्न झालं. त्यानंतर मी याडीला भेटायला आले की आम्ही कधीमधी बाजाराच्या दिवशी भेटायचो, पोराबाळांचं विचारायचो, एवढंच.

माझी पहिली नोकरी तुम्ही पाहिलेली आहे. डोळ्यांच्या तपासणीला नागपूरला आला होतात, तशाच माझ्या ऑफिसात आलात. मी समोसे मागवले होते. तुम्ही सगळीकडे बघून विचारलंत, "म्हणजे तू नेमकं काय करते?" मी म्हटलं, लोकांच्या चांगल्या गोष्टी पेपरांपर्यंत पोचवते. "अन् वाईट पोचू नये म्हणून कोण असते?" मी म्हटलं, तेही आम्हीच. तुम्ही समोसा खाल्लात, हात पुसलेत आणि म्हणालात, "मग दिवसभर काम असंल बाप्पा." चिडून नव्हता म्हणालात. मला तर तो कौतुकाचा शब्दच वाटला होता.

तेच काम वाढत गेलं, बाई. पुण्यात आता माझी स्वतःची सल्लागार संस्था आहे. मोठमोठ्या कंपन्यांचे मालक माझ्यासमोर बसतात आणि मी त्यांना कुठल्या प्रश्नाला काय म्हणायचं, कुठं थांबायचं, माफी मागताना कुठला शब्द टाळायचा ते शिकवते. माझ्या हाताखाली हुशार पोरंपोरी आहेत. त्यांतल्या काहींची लग्नं माझ्याकडच्या नोकरीच्या भरवशावर ठरली आहेत. कार्यक्रमांत मला व्यासपीठावर बोलावून नेतृत्वाबद्दल विचारतात आणि मी उत्तरं देते. खरं सांगायचं तर मी स्वतःहून काय बोलते हे आठवायला मला वेळ लागतो. घरी नवऱ्याशी भांडतानासुद्धा मी आधी मनात वाक्य तपासते. तो म्हणतो, "तू माझ्याशी बोलतेयस की माझ्यासमोर निवेदन करतेयस?" यावरही माझ्याकडे चांगलं उत्तर असतं.

गेल्या हंगामात दिग्रसबाहेरच्या एका जिनिंगला, कापसातली सरकी काढायच्या कारखान्याला, आग लागली. कापसातला कचरा वेचणाऱ्या बाया आत होत्या. मालक कंपनी मोठी, आमची जुनी ग्राहक. त्यांच्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, तुम्ही तिकडच्याच ना? मग तुम्हीच जा. त्यांच्या भाषेत बोला." तुम्ही घरात ठेवायला सांगितलेली बोली मी त्या दिवशी बॅगेत भरून कामाला नेली. आल्या आल्या तिथल्या मॅनेजरनं मला बाजूला घेतलं आणि सांगितलं की त्या शेडच्या दाराला पाळीच्या वेळात बाहेरून कडी असायची. बायांनी मधेच उठून जाऊ नये म्हणून. आग लागली तेव्हा बायांनी मागचा टिनाचा पत्रा वाकवला आणि त्या फटीतून एकेक करून निघाल्या. हात भाजले, पाठी खरचटल्या, जीव कोणाचा गेला नाही. "हे आपल्यातच राहील ना?" त्यानं विचारलं. आमच्या करारातच तसं आहे. मी लॉजवर बसून निवेदन लिहिलं: सर्व महिला कामगार सुरक्षितपणे बाहेर पडल्या असून काहींना किरकोळ दुखापती झाल्या आहेत. दुसऱ्या दिवशी सगळीकडे तेच छापून आलं. एकही शब्द खोटा नव्हता. साहेबांनी फोन करून शाबासकी दिली, आणि मी ती घेतली.

त्याच संध्याकाळी लॉजच्या पोऱ्यानं खालून हाक दिली, कोणीतरी बाई आल्यात. तीच होती. विरोधी बाजू. उजवा हात कोपरापर्यंत पट्टीत, डोक्यावरून ओढणी, आणि चेहरा उन्हानं रापलेला, पण हसणं तेच. ती त्या शेडमध्ये कामाला आहे हे मला ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे मी नावांची चौकशीच केली नव्हती. मी चहा सांगितला. तिला डाव्या हातानं गरम कप धरता येत नव्हता, म्हणून बशीत ओतून दिला.

"परवा तहसीलमधी साहेब आमची बाजू ऐकणार हाय," ती म्हणाली. "बाकीच्या बाया म्हणतात, तूच बोल, तू शाळेत बोलत होती. आता मले सांग, त्याला किती वर्षं झाले? मी त सारं भुलून गेली."

"मी कंपनीकडून आले आहे," मी म्हटलं.

"मालूम हाय न. पेपरात फोटो पाह्यला तुहा. म्हणूनच आली. दोन्हीकडचं कसं बोलायचं ते तुलेच जमते."

मी तिला समजावून सांगायचा प्रयत्न केला की मला तिला काही सांगता येणार नाही, करारावर माझी सही आहे, माझ्यावर माणसं अवलंबून आहेत. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "बरं, नको सांगू. मी बोलतो, तू आयकून त घेशील?"

आणि ती उभी राहिली, बाई, लॉजच्या त्या खोलीत, पलंग आणि भिंतीच्या मधे, आणि बोलायला लागली. मजुरी उशिरा मिळते इथून सुरुवात, मग पिण्याचं पाणी, मग मुकादमाची भाषा, मग धूळ, मग खोकला, आणि आग आली तोवर ती दमून गेली होती. दाराचा उल्लेख शेवटी, तोही जाता जाता. साहेब तोवर घड्याळाकडे बघायला लागलेला असणार, हे मला दिसत होतं. असे किती साहेब मी पाहिलेत. मला गप्प बसायचं होतं. गप्प बसण्याचेच मला पैसे मिळतात. मी म्हटलं, "दार आधी सांग. उभी राहिली की पहिलं दार. बाकी मागून." तिनं माझ्याकडे पाहिलं, मान हलवली, आणि "येतो मी" म्हणून निघून गेली.

तहसीलच्या खोलीत मी कंपनीच्या बाजूला बसले होते, ती समोर. तिचं नाव पुकारल्यावर ती उठली आणि म्हणाली, "साहेब, दाराले भाहेरून कडी होती." मग थांबली. तुम्ही थांबायला शिकवलं होतं तेवढंच थांबली. साहेबानं पेन खाली ठेवलं आणि पुढचं सगळं नीट ऐकून घेतलं. मॅनेजर माझ्या कानाशी लागून म्हणाला, "हिला कोणीतरी शिकवून पाठवलं आहे." मी म्हटलं, "असू शकेल." माझा चेहरा हलला नाही. त्या गोष्टीची मला सवय आहे.

बाहेर येऊन मी मोठ्या साहेबांना फोन लावला आणि सांगितलं की आता नाकारण्यात अर्थ नाही, कंपनीनं स्वतःहून कबूल करावं, कड्या काढाव्यात, उपचाराचा खर्च उचलावा. त्यांनी ऐकलं. आठवड्याभरात सगळ्या शेडच्या कड्या निघाल्या, मागच्या बाजूलाही दारं बसली. तिचा हात यवतमाळच्या दवाखान्यात नीट झाला, दोन बोटं तेवढी अजून पूर्ण मिटत नाहीत. मुकादमाला काढून टाकलं. कडी लावायचा हुकूम त्याचा नव्हता, वरून आला होता, हे मला आणि मॅनेजरला माहीत आहे, आणि मुकादमावर कारवाई झाल्याचं वाक्य माझंच आहे. कंपनीच्या मोकळेपणाची पेपरांनी तारीफ केली. साहेब इतके खूश झाले की आता जिल्ह्यातल्या त्यांच्या सगळ्या जिनिंगचं काम माझ्याकडे आहे, पुढची काही वर्षं. म्हणून ही खोली. या कामातून सुटावं म्हणून मी तिच्यापुढं तोंड उघडलं असेल, तर त्याचं हे असं झालं, तेच काम वाढलं. नोकरी सोडणाऱ्याला निदान राजीनामा लिहिता येतो. माझी संस्था माझीच आहे, मी राजीनामा कोणाला देऊ? रोज सकाळी पुण्याहून पोरं फोन करतात, मॅडम पुढं काय, आणि मी पुढं काय ते सांगते. कधी वाटतं, एसटी पकडून राळेगावकडे कुठंतरी निघून जावं, जिथं मला कोणी काही विचारणार नाही. मग फोन वाजतो आणि मी तो उचलते.

मागच्या आठवड्यात साहेबांना एक छोटी फिल्म करायची कल्पना सुचली. सुरक्षेवर. त्यांना ती हवी होती, तीच, भाजल्याच्या खुणांसकट, नव्या दारासमोर उभी राहून कंपनीबद्दल दोन चांगले शब्द बोलणारी. "तुमची ओळख आहे, तुम्हीच विचारा," म्हणाले. मी तिच्या घरी गेले. ती अंगणात एका हातानं गहू निवडत होती. मी सगळं सांगितलं, काहीही न लपवता, आणि मनात धरून बसले होते की ती मला हाकलून देईल. ती हसली. म्हणाली, "मले बोलायले आवडते, तुले त मालूमच हाय. नागपूरले जाता नाही आलं, आता फिल्ममधी त दिसीन. येईन मी. साडी कोणती नेसू तेवढं सांग."

त्या फिल्ममध्ये तिच्या तोंडी जायची वाक्यं मीच लिहिणार होते. लॉजवर आले, लिहायला बसले, आणि एकही लिहिता आलं नाही.

बाई, साहेबांना मी कळवलं की ती नाही म्हणाली. त्यांनी दुसरी बाई शोधली. इकडे विरोधी बाजू रोज वाट बघतेय, परवा तिचा निरोप होता, हिरवी नेसू की जांभळी. मी अजून उत्तर दिलेलं नाही.