पाचव्या नखाचा दोरा

केंब्रिज, ३ ऑक्टोबर

ती. सुप्रभामावशीस,
सा. न.

फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने जुळवतेस, म्हणून हे पत्र.

म्युझियममध्ये माझ्या टेबलावर सध्या चीनच्या राजदरबारात घालायचा जुना झगा दुरुस्तीला आहे. निळं रेशीम, जरीचे ड्रॅगन, घोड्याच्या खुरासारख्या बाह्या. पण प्रत्येक पंजाचं पाचवं नख उसवलेलं, नुसती भोकं उरलीत. आमच्या विभागाच्या बाई म्हणाल्या, पाच नखांचा मान मोठ्या हुद्द्याचा. हुद्दा उतरला की नख काढायचं.

मला मिहीरच आठवला. गेल्या महिन्यात ऑफिसात त्याची टीम काढून घेतली. कालपर्यंत हाताखाली असलेल्या मुलीला आता हा रिपोर्ट करतो. घरी बोलत नाही, धड जेवत नाही. तुझ्याकडे फराळाला यायचं नाही म्हणतो, सगळे 'काय चाललंय' विचारतील म्हणून. निदान घरच्यांना तरी खरं सांग, म्हणून मी चिडले, तर शेजारच्या खोलीत झोपायला गेला. मावशी, मला भीती वाटते गं.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
वरदा

एजवेअर, ७ ऑक्टोबर

चि. वरदास अ. उ. आ.

मनाने जुळवते म्हणे! बहिरी झाले, भोळी नाही.

तुझ्या काकांचा हात थरथरू लागला आणि ऑपरेशनं सुटली, ते तुला ठाऊक आहे. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या खिशावर 'श्रीनिवास' आणि खाली 'सर्जन' असं मी हौसेने भरलं होतं. त्यांनी कात्री मागितली. मी दिली नाही. सुईने, आतल्या बाजूने, एकेक टाका मीच काढला. नाव राहू दिलं. मग दोघं रडलो आणि पिठलंभात खाल्ला.

तुझ्या झग्याची नखं कुठून उसवलीत बघ. वरून कापली असतील तर सरकारी माणूस, आतून असतील तर घरचं कुणी.

आणि मिहीरच्या मागे लागू नकोस. नुसती शेजारी बस.

दोघांना पोटभर आशीर्वाद,
मावशी

केंब्रिज, १२ ऑक्टोबर

ती. मावशीस सा. न.

आतूनच उसवलंय! रेशमाचा एक धागासुद्धा तुटलेला नाही. आणि दुरुस्तीसाठी अस्तर उघडलं, तर कोपऱ्यात काढलेला जरीचा दोरा गुंडाळी करून शिवून ठेवलेला. हुद्दा परत मिळाला तर लावायला, दुसरं काय! तो कधी लागलाच नाही.

तुझं पत्र मिहीरला वाचून दाखवलं, मग झगा बघायला नेलं. बराच वेळ वाकून बघत होता. घरी येताना बसमध्ये आपणहून सगळं बोलला. मी गप्प बसले. मला ते जमतं हे मलाच माहीत नव्हतं. शेवटी त्याने विचारलं, मावशींनी काकांच्या कोटाचा दोरा ठेवलाय का. तेवढं कळव.

तुझीच,
वरदा

एजवेअर, १५ ऑक्टोबर

चि. वरदा व चि. मिहीर यांस अ. उ. आ.

फराळाला या. कुणी 'काय चाललंय' विचारलंच, तर मी मध्येच मोठ्याने 'काय म्हणालात?' म्हणेन. बहिरेपणाचा काहीतरी उपयोग हवा.

दोरा आहे. निळा, सुयांच्या डब्यात. काका शेवटपर्यंत अधूनमधून विचारायचे, तो आहे ना म्हणून. मी डबा उघडून दाखवायची.

आता मिहीरला दाखवीन.

तुमची वाट बघणारी,
मावशी