लेना नदीवर हललेला हात

प्रिय आईस,

मी खुशाल आहे. तू शिवलेले केसाळ बूट पायांत असतात. तुझी कंबर कशी आहे?

मंगळवारी गोठलेल्या लेनेवरून येताना प्रोकोपीकाकांचा ट्रक उभा दिसला. उणे पन्नासात उभ्या गाडीपाशी थांबल्याशिवाय पुढे जायचं नाही, हे बाबांनीच शिकवलेलं. काकांनी हात हलवला. मला घाई होती, म्हणून 'जा' म्हणताहेत असं धरून चाललो आणि हॉर्न वाजवून निघालो.

त्यांचं इंजिन बंद पडलं होतं.

आज इस्पितळात त्यांना भेटलो. थंडीनं गेलेली चार बोटं कापलीत. रागावले नाहीत. म्हणाले, "तुझा ट्रक ओळखला, तेव्हा म्हटलं, सुटलो."

काकूंना त्यांनी माझं नाव सांगितलेलं नाही. त्या तुझ्याकडे आल्या तर तो हॉर्न कुणाचा होता ते तूच सांग. माझ्याच्यानं होत नाही.

तुझा,
एर्चीम